जोत्तोला हॅलेचा नेमका पत्ता कुणी दिला?

प्रश्न: शीतयुद्ध सुरू असताना हॅले धूमकेतूकडे निघालेल्या युरोपच्या जोत्तो यानाने सोव्हिएत व्हेगा यानांची माहिती वापरली म्हणतात. नेमकी कशी?

उत्तर १: अडचण अशी की धूमकेतूचा घन गाभा धूळ-वायूच्या आवरणात दडलेला, शिवाय त्यातून उसळणारे वायूचे झोत त्याला कक्षेतून किंचित ढकलतात. त्यामुळे पृथ्वीवरच्या दुर्बिणींतून काढलेल्या जागेत शेकडो किमीची चूक राहते. व्हेगा-१ (६ मार्च १९८६) आणि व्हेगा-२ (९ मार्च) सुमारे ८-९ हजार किमीवरून गेली. त्यांच्या कॅमेऱ्यांनी गाभ्याची दिशा दिली.

उत्तर २: पण नुसती दिशा घेऊन काय करणार? यान स्वतः कुठे आहे तेही काटेकोर कळायला हवं. ते मोजलं नासाच्या मोठ्या अँटेनांनी. म्हणजे सोव्हिएत यान, अमेरिकी मोजमाप, युरोपी लक्ष्य! चूक काही दहा किमीवर आली आणि जोत्तो १४ मार्चला ५९६ किमीवरून गेलं.

उत्तर ३: धुळीचं विसरू नका. जोत्तो आणि धूमकेतू यांच्यातला वेग सेकंदाला ६८ किमी. यानाच्या पुढे १ मिमी अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, मग मोकळी जागा, मागे केव्हलारची (चिवट कृत्रिम धाग्याची) जाड ढाल. पत्र्यावर कणाची वाफ होते, ती पसरून मागे आदळते. तरी एका कणाने यान डगमगलं, अँटेना पृथ्वीवरून हलली, संपर्क तुटत राहिला.