घाटातल्या वळणांसाठी मोटरसायकल टूरिंग ग्रुपचा एक दिवसाचा वर्ग घ्यायचाय, कसा आखावा?

गगनबावडेकर

नमस्कार मंडळी. आमचा कोल्हापूरचा टूरिंग ग्रुप आहे, पंधरा-सोळा जणांचा. गाड्या रॉयल एनफिल्डच्या हिमालयन, इंटरसेप्टर, दोन-तीन क्लासिक आणि एक केटीएम ३९० ॲडव्हेंचर. आंबोली, फोंडा, आंबा घाट, तिथून खाली कोकणात, जमलं तर गोवा, असं फिरणं चालू असतं. हायवेला सगळे छान चालवतात, पण घाट लागला की ग्रुपचं चित्रच बदलतं. कोण वळणाच्या मधोमध ब्रेक दाबतोय, कोण उजव्या वळणावर पांढरी रेघ ओलांडून समोरच्याच्या बाजूला जातोय. मागच्या राइडला भुईबावडा घाटात आमच्यातला एक जण वडापच्या (शेअर प्रवासी) जीपला घासता घासता वाचला. त्यानंतर चहाला थांबलो तर कुणी धड बोलेना.

दिवाळीनंतर सगळ्यांसाठी एक दिवस फक्त वळणं शिकायला ठेवायचा विचार आहे. पहाटे रस्ता मोकळा असताना घाटातच घ्यावा की मैदानावर? एका वेळी किती जण? शिकवायला बाहेरून माणूस आणणं गरजेचं आहे का? कुणी असा वर्ग घेतला असेल तर सविस्तर सांगा.

खंबाटकी

माझं स्पष्ट मत, घाटातच घ्या. मैदानाला ना चढ, ना दरी, ना समोरून येणारी एसटी. तिथे दिवसभर प्लास्टिकच्या ट्रॅफिक कोनांभोवती फिरून माणूस घाटात गेला की पुन्हा घाबरणार. अनुभवी माणूस पुढे, नवखे त्याच्या मागे, त्याची लाइन, म्हणजे वळणातून जायचा मार्ग, बघत जायचं. आमच्या पिढीतले सगळे असेच तयार झाले. पहाटे पाच-साडेपाचला ट्रॅफिक नसतं.

यवतेश्वर

खंबाटकीदादा, घाट शेवटी घाटातच अंगवळणी पडतो हे मान्य. पण पहिला धडा तिथे नको असं मी ठामपणे सांगेन. मी साताऱ्यात असे वर्ग घेते, बायकांसाठी वेगळे आणि टूरिंगवाल्यांसाठी वेगळे. नवखा माणूस अनुभवी माणसाच्या मागे लागला की लाइन बघत नाही, त्याचा टेललाइट बघतो. पुढचा वळणाआड गेला की हा घाबरून थ्रॉटल वाढवतो, आणि वळणात शिरताना वेग त्याच्या आवाक्याबाहेर गेलेला असतो. ग्रुप राइडमधले बरेच अपघात असेच होतात, मागे पडायच्या भीतीने.

शिवाय कायद्याची बाजू आहे. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत किंवा वेगाची चाचणी मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. तुमचा हेतू शिकवण्याचा असेल, पण एकाच वळणावरून पंधरा गाड्या पुन्हा पुन्हा वर-खाली करताना दिसल्या तर पोलीस काय समजतील? स्वतःच्या इन्शुरन्स पॉलिसीतही वापराच्या मर्यादा वाचून घ्या, शर्यत आणि स्पीड टेस्टिंग त्यात सहसा वगळलेलं असतं.

जागेचं म्हणाल तर तुमच्या कोल्हापुरातच मोहिते रेसिंग अकादमीचा कार्टिंग ट्रॅक आहे. मोटरसायकलच्या वर्गाला देतात का, ते आधी विचारा. नाही जमलं तर इंजिनिअरिंग कॉलेजचं पार्किंग, बंद कारखान्याचं आवार किंवा सुट्टीच्या दिवशी मार्केट यार्ड बघा, लेखी परवानगी घेऊन. डांबर किंवा काँक्रीट हवं, माती नको. आदल्या संध्याकाळी स्वतः जाऊन झाडून घ्या. खडी, सांडलेलं ऑइल, सगळं बघा.

एका शिकवणाऱ्यामागे सहाच जण. तुम्ही सोळा असाल तर तीन गट पाडा: एक गट गाडीवर, दुसरा कडेला उभा राहून बघणारा, तिसरा सावलीत पाणी पीत. बघणाऱ्या गटाचं अर्धं शिक्षण तिथेच होतं. बाहेरचा प्रशिक्षक आणाच, कारण मित्राने मित्राला सांगितलेलं ऐकलं जात नाही. आणि तो ट्रॅकवर वेगात चालवणारा असण्यापेक्षा हळू वेगात चुका पकडणारा असू दे.

सकाळी सात वाजता गाड्यांची तपासणी. टायर गार असतानाच प्रेशर मॅन्युअलप्रमाणे करून घ्या. चेनचा ढिलेपणा, ब्रेक लिव्हर, टायरची नक्षी बघा. पॅनियर (बाजूच्या पेट्या), टॉप बॉक्स उतरवून ठेवायचे. आयएसआयचं फुल फेस हेल्मेट, जॅकेट, ग्लोव्ह्ज, घोटा झाकणारे बूट नसतील तर गाडी लाइनीत घ्यायची नाही, मग तो ग्रुपचा ॲडमिन का असेना.

वळणाआधी ब्रेक शिकवा. ४० च्या वेगाने चांगल्या कोरड्या डांबरावर नीट ब्रेक लावला तर गाडी साधारण ९ मीटरमध्ये थांबते, ६० ला तेच अंतर २० मीटर होतं. हे तोंडी सांगून पटत नाही. चुन्याने दोन रेघा मारा आणि ४० वाली स्वतः करायला लावा. ६० ची रेघ फक्त दाखवायची, चालवायला लावायची नाही. बोट टेकवून पुढचा ब्रेक हळूहळू दाबत नेणं हातात बसेपर्यंत पुढे जाऊ नका. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं झालं, पण ग्रुपमध्ये त्याआधीच्या गाड्या असतात. त्यांचा गट वेगळा करा.

मग वर्तुळ. माझ्या मते दिवसाचा सगळ्यात मोलाचा भाग हाच. १० मीटर त्रिज्येचं वर्तुळ चुन्याने काढायचं. त्यावर २५ च्या वेगाने फिरलं की गाडी साधारण २६ अंश झुकते, ३० ला गेलं की ३५ अंश. फक्त ५ किलोमीटरचा फरक, आणि झुकाव ९ अंशांनी वाढला. वळणात थोडासा वेग जास्त झाला की गाडी एवढी का दचकवते, ते इथे अंगाला कळतं. क्लासिकवाल्यांना सांगून ठेवा, त्यांचा फूटपेग (पाय ठेवायचा दांडा) इतरांच्या आधी रस्त्याला घासेल. घासला तर दचकून ब्रेक मारायचा नाही, थ्रॉटल किंचित सोडून गाडी सरळ होऊ द्यायची.

मी वर्तुळाच्या मध्यभागी उभी राहते आणि हेल्मेटची हनुवटी बघते. हनुवटी पुढच्या चाकाकडे असली की गाडी चुन्याच्या रेघेबाहेर सरकत जाते आणि माणूस हँडलशी झटापट करायला लागतो. हनुवटी पाव वर्तुळ पुढच्या कोनाकडे वळवली की खांदे आपोआप सैल पडतात. आवाजही ऐका. नवख्याचं इंजिन 'घूं, घू, घूंऽ' असं तुटक बोलतं, कारण मनगट सतत उघडझाप करत असतं. एकसारखा आवाज आला की समजायचं, याने गाडीवर विश्वास टाकला. मग मी पाठ करून उभी राहिले तरी कोण तयार झालाय ते सांगू शकते.

त्यानंतर काउंटर स्टिअरिंग. उजवीकडे वळायचंय तर उजवं हँडल हलकेच पुढे ढकला, एवढंच वाक्य. सिद्धांत सांगत बसू नका, कोनांच्या रांगेतून करायला लावा.

दुपारी जेवणानंतर फक्त तासभर, आणि त्यात आवळत जाणारं (पुढे अधिकाधिक अरुंद होणारं) वळण, हेअरपिन, यू-टर्न. तीनच्या आत संपवा. थकलेला माणूस शेवटच्या फेरीत पडतो.

सांगलीची_फिजिओ

ताईंनी सगळं छान सांगितलंय, दोन गोष्टी जोडते. कुणी पडलं तर लगेच ओढून उभं करू नका आणि हेल्मेट काढायची घाई करू नका. श्वास नीट चालू असेल तर मान न हलवता आहे तसं ठेवा आणि १०८ ला फोन करा. हे काम एकाच माणसाला नेमून द्या, नाहीतर सगळे धावतात आणि फोन कुणीच करत नाही. दुसरं, मुठी घट्ट धरणाऱ्यांचे कोपराखालचे हात लवकर भरून येतात. दर गटानंतर हात खाली सोडून झटकायला लावा.

गगनबावडेकर

यवतेश्वरताई, मनापासून आभार. मैदानाचं पटलं. पण खंबाटकीदादांचा मुद्दाही डोक्यातून जात नाही. मैदानानंतर घाटात कसं न्यायचं? आणि आमच्यातले चौघे कायम बायकोला घेऊन येतात, त्यांचं काय?

यवतेश्वर

घाट त्याच दिवशी नको, पुढच्या एखाद्या रविवारी ठेवा. उजाडल्यावरच निघा. डिसेंबरात पहाटे झाडीखालच्या वळणांवर दवाने रस्ता ओला असतो. तीन-तीनचे गट करा, नवखा मधे. गटागटांत पाच मिनिटांचं अंतर ठेवा, ओव्हरटेक नाही, भेटायची जागा आधी ठरलेली. कुणी कुणाला गाठायचं नाही, हे निघताना प्रत्येकाकडून तोंडाने वदवून घ्या.

रस्त्याच्या मधल्या रेघेबद्दल एक गोष्ट सगळ्यांना पटवा. उजव्या वळणावर चाक रेघेच्या आत असलं तरी गाडी उजवीकडे झुकलेली असते, म्हणजे डोकं रेघेपलीकडे समोरच्याच्या लेनमध्ये गेलेलं असतं. त्याच वेळी समोरून उसाची ट्रॉली आली तर? म्हणून उजव्या वळणावर आपल्या लेनच्या डाव्या भागात राहायचं, पण अगदी कडेच्या खडीत नाही. डाव्या वळणावर रेघेच्या अलीकडे राहून वळणाचा शेवट दिसेपर्यंत आत घुसायचं नाही. हंगामात रस्त्यावर पाचट पडलेलं असतं, हेअरपिनला ट्रकच्या टाकीतून सांडलेलं डिझेल असतं. वास आला की वेग कमी. उतारावर क्लच धरून घरंगळायचं नाही, दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनावर उतरायचं. चढावर येणाऱ्याला आधी वाट द्यायची.

मागे बसणाऱ्यांना वर्गाला नक्की आणा. सकाळी बघू देत, आणि दुपारच्या तासात नवऱ्याचं वर्तुळ एकट्याने पक्कं झालं असेल तरच १५-२० च्या वेगाने दोघांनी मिळून फिरायचं. मागच्याने वळणाच्या उलट अंग टाकायचं नाही, चालवणाऱ्याच्या आतल्या खांद्यावरून पुढे बघायचं. मागचा सस्पेन्शन प्रीलोड (स्प्रिंगचा ताण) वाढवून घ्या, नाहीतर मागून गाडी बसते आणि फूटपेग आणखी लवकर टेकतो. आणि त्या चौघींना विचारा, कुणाला स्वतः चालवून बघायचंय का. साताऱ्यात विचारलं तेव्हा दोघींनी लगेच हात वर केला होता, त्यातली एक आता स्वतःची हिमालयन चालवते.

खंबाटकी

तीन-तीनचे गट आणि मधे नवखा, हे चांगलं आहे. मला अजूनही वाटतं की घाटाचे दोन रविवार ठेवावेत, एक चढायचा, एक उतरायचा. उतार वेगळाच असतो.

यवतेश्वर

दोन रविवार ठेवता आले तर फारच उत्तम दादा, आणि उतार दुसऱ्या रविवारी. गगनबावडेकर, जागा पक्की झाली की मोजमाप कळवा, वर्तुळं आणि कोन कुठे मांडायचे त्याचा नकाशा काढून देते.