मदत हवी आहे: शब्द पाठ, वाक्य नापास (घाईत आहे)

द्राक्षवाला: मंडळी, लवकर सांगा. रोज दहा इंग्रजी शब्द अर्थासकट लिहितो, दोन वह्या भरल्या. बोलायला गेलो की वाक्यच जुळत नाही, जुळलं तर चुकतं. काल सगळ्यांसमोर हसले. सोमवारी पार्टी येतेय. क्लास सुचवू नका, वेळ नाही.

उगाच_एक: कुठलं वाक्य? कोण हसलं? आणि पार्टी म्हणजे वाढदिवसाची की निवडणुकीतली?

गंगापूर_रोडवाले: क्लास नको म्हणालात म्हणून सांगत नाही, नाहीतर कॉलेज रोडला भरपूर आहेत. रोज इंग्रजी पेपरातला अग्रलेख मोठ्याने वाचा. माझ्या मुलाला तीन महिन्यांत फरक पडला.

द्राक्षवाला: तीन महिने? सोमवार म्हटलं ना!

निवृत्त_मास्तर: अहो, चुकलेलं वाक्य तर लिहा. नुसतं 'दुखतंय' म्हणून डॉक्टर काय देणार?

द्राक्षवाला: 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स सिक्स इयर्स.' सगळे शब्द बरोबर आहेत की.

निवृत्त_मास्तर: शब्द बरोबर, पण वाक्य मराठी आहे. आपला 'पासून' दोन्हीकडे चालतो, 'सोमवारपासून' आणि 'सहा वर्षांपासून'. इंग्रजीत त्याची वाटणी होते. 'सिन्स'ला सुरुवात कधी झाली ते लागतं: सोमवार, सकाळी आठ, २०१९. किती काळ ते सांगायला 'फॉर': सहा वर्षे, दोन तास. दुसरी चूक 'ॲम वर्किंग'. काम आधी सुरू झालं, अजून चालू आहे आणि किती काळ तेही सांगायचंय, म्हणून 'आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर सिक्स इयर्स'.

उगाच_एक: कळलं ना समोरच्याला? मग झालं. लासलगावला कांदा विकताना कोणी 'हॅव बीन' विचारत नाही.

निवृत्त_मास्तर: लासलगावला मराठी चालतं, म्हणून.

सिडकोची_ताई: मास्तर, तुमचं बरोबर आहे, पण सोमवारपर्यंत काळ शिकवत बसलात तर दादा बोलायचेच थांबतील. मी नऊ वर्षं हॉटेलच्या रिसेप्शनला होते. गडबड वहीतच आहे. 'टेल म्हणजे सांगणे, से म्हणजे म्हणणे' असं लिहिलं असेल ना? टेलच्या मागोमाग माणूस लागतो, 'टेल मी'. 'से मी' होत नाही, 'से टू मी'. 'एक्सप्लेन मी' तर सगळेच म्हणतात, तिथेही 'टू' हवा. आणि आपण 'विषयी चर्चा' करतो म्हणून 'डिस्कस अबाउट' तोंडात येतं, तिथे 'अबाउट' नकोच. शब्द एकटा लिहू नका, शेजाऱ्यासकट लिहा. बरं, काम काय करता?

द्राक्षवाला: पिंपळगावला द्राक्षं पॅक करतात त्या पॅकहाऊसवर सुपरवायझर. हॉलंडचे खरेदीदार येतायत. साहेब रजेवर, पॅकिंगची लाइन मलाच दाखवायची आहे.

उगाच_एक: हे आधी सांगायचं ना राव! बरं, थॉमसन द्राक्षाला काय भाव चाललाय?

निफाडचा_शेतकरी: भावाचं नका काढू. कुठलाही पॅकहाऊसवाला खरा आकडा सांगत नाही. माझा स्वतंत्र धागा आहे, तिकडे या.

सिडकोची_ताई: मग दहा शब्द बंद करा. लाइनवर जे दिसतं त्याची पंधरा वाक्यं करा आणि एकदा लाइनवरून चालत म्हणा. 'वी ट्रिम द बंचेस हिअर.' 'वी पुट फाइव्ह हंड्रेड ग्रॅम्स इन ईच पनेट', पनेट म्हणजे तो द्राक्षांचा छोटा डबा. आपलं 'मध्ये' पनेटच्या मागे चिकटतं, त्यांचं 'इन' पुढे उभं राहतं. तुमची जीभ तिथेच अडखळत असणार.

द्राक्षवाला: हो! अगदी तिथेच. 'पनेट इन' निघून जातं.

गंगापूर_रोडवाले: मराठी माध्यमाचा हाच तोटा. पाया...

निवृत्त_मास्तर: मीही मराठी माध्यमाचाच. दुसऱ्या धाग्यावर भांडू. ताईंची वाक्यं चांगली आहेत, फक्त क्रम हलवू नका. आपल्याकडे 'द्राक्षं बायका तोडतात' म्हटलं काय नि 'बायका द्राक्षं तोडतात' म्हटलं काय, अर्थ तोच. इंग्रजीत 'ग्रेप्स कट विमेन' म्हणालात तर पाहुणे पळून जातील.

द्राक्षवाला: 😄 घेतलं लिहून. दुपारी त्यांना मिसळ खायला न्यायची आहे. 'द मिसळ इज व्हेरी हॉट' बरोबर ना?

सिडकोची_ताई: त्यांना वाटेल गरम आहे, फुंकर मारून खातील. 'स्पायसी' म्हणा. आणि दही आधी मागवून ठेवा.