कांदिलेखा: जिला शिव्यांची भीती वाटते

आपल्या आग्या वेताळासारखं, म्हणजे रात्री फिरणाऱ्या आगीच्या भुतासारखं, काही दक्षिण अमेरिकेत आहे का, असं कुणीतरी विचारलं. आहे की, एक सोडून बरीच! माझी आवडती कोलंबियाच्या तोलिमा भागातली ‘कांदिलेखा’.

एका आजीनं दोन नातवांचे इतके लाड केले की पोरांनी तिलाच घोडा केलं. पाठीवर खोगीर चढवलं आणि घरभर दौडवलं. म्हातारी हूं की चूं करेना. मेल्यावर स्वर्गाच्या दारावरच्या संत पीटरनं तिला फैलावर घेतलं आणि पोरं बिघडवल्याबद्दल ज्वाळा होऊन भटकायची शिक्षा दिली. म्हणून तिच्या ज्योती तीन: एक आजी, दोन नातू. (आमच्या आजीला ही गोष्ट वेळेवर सांगायला हवी होती.) रात्री-अपरात्री घरी परतणारे दारुडे तिचं खास गिऱ्हाईक. गंमत म्हणजे प्रार्थना केली तर ती आणखी जवळ येते. घालवायची तर सणसणीत शिव्या हासडायच्या!

शेजारच्या व्हेनेझुएलात असा फिरता उजेड म्हणजे लोपे दे आगिर्रे या बंडखोर स्पॅनिश माणसाचा आत्मा. १५६१ मध्ये बार्किसिमेतोला तो मारला गेला, त्याआधी त्यानं पोटच्या मुलीला भोसकलं होतं. तो भटकतोय यात नवल नाही.

आणि ‘या सगळ्या अलीकडच्या भाकडकथा’ म्हणणाऱ्यांसाठी: ब्राझीलच्या अग्निरूपी ‘बोइताता’चा उल्लेख जेझुइट या ख्रिस्ती संघाच्या जोसे दे अंशिएता या पाद्र्याच्या १५६० च्या पत्रातच सापडतो.