ट्रॅक्टर लोडरच्या जॅकचे सील बदलूनही ऑइल गळते : जॅक काढून दुरुस्ती कशी करावी?

प्रश्न (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)

नमस्कार. आमच्या ५० एचपी ट्रॅक्टरला समोर लोडर बसवलेला असून उकिरड्यातील शेणखत भरणे, पांदण रस्त्यावर मुरूम टाकणे आणि तलावातील गाळ ट्रॉलीत भरणे अशी कामे त्यावर चालतात. बूम, म्हणजे बकेट धरणारे लोडरचे हात, उचलणाऱ्या दोन जॅकांपैकी (ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या सिलिंडरांपैकी) डाव्या जॅकच्या तोंडाशी, म्हणजे जिथून रॉड बाहेर येतो तिथून, ऑइल गळते. गेल्या हंगामात गावातील मिस्त्रींनी याच जॅकचे सील बदलले होते, परंतु काही आठवड्यांतच गळती पुन्हा सुरू झाली. शिवाय बकेट वर ठेवून इंजिन बंद केले की बूम हळूहळू खाली उतरतो. तो या जॅकमुळेच उतरतो की दुसऱ्या कशामुळे, हे उमगत नाही. मृगाच्या आधी शेणखत शेतात पोचणे आवश्यक आहे. जॅक घरी काढता येईल का, आणि पुन्हा सील किट टाकावे की नवा जॅक घ्यावा, याबाबत जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (हिंगणघाट, लेथ वर्कशॉप)

भाऊ, जॅक घरी काढता येतो आणि तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून नवा जॅक घेण्याची घाई करण्याचे कारण दिसत नाही. मात्र केवळ सील किट पुन्हा टाकाल, तर ते पुन्हा जाईल. सील हा जॅकमधला सर्वांत मऊ भाग असल्यामुळे दोष कुठेही असला तरी आधी तोच झिजतो, म्हणून तो का झिजला हे शोधल्याशिवाय दुरुस्ती पूर्ण होत नाही.

जॅक काढण्यापूर्वी ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून चाकांना ओट लावा, बकेट जमिनीवर पूर्ण टेकवा आणि इंजिन बंद करून लोडरचे लिव्हर सगळ्या दिशांना अनेक वेळा हलवा, म्हणजे पाइपात अडकलेला दाब टाकीकडे निघून जातो. बकेट टेकलेले असले तरी बूमखाली भक्कम लाकडी ओंडके द्या, कारण पिन निघताच बूमची जागा थोडी बदलू शकते. वर उचललेल्या बूमखाली, तो केवळ ऑइलच्या दाबावर उभा असताना, कोणीही जाऊ नये. दोन्ही होज पाइपांवर खूण करा, त्यांचे नट हळूहळू सैल करा आणि पाइप निघताच त्यांची तोंडे प्लगने बंद करा. कापसाचा बोळा किंवा चिंधी कोंबू नका, कारण त्यांचे तंतू व्हॉल्व्हमध्ये जातात. पिन बसलेली असेल तर तिच्यावर थेट घण न घालता पितळी रॉड मध्ये धरून ठोका.

बाहेर काढलेला जॅक आधी रॉकेलने किंवा डिझेलने धुऊन घ्या, कारण आपल्या काळ्या मातीचा कणभर थरही आत गेला तर केलेले काम वाया जाते. वाईसमध्ये जॅक धरायचा तो मागच्या डोळ्याला धरावा; बॅरल (जॅकची बाहेरची नळी) आवळल्यास ती अंडाकृती होते आणि मग कोणतेच सील टिकत नाही. तोंडाची ग्लँड, म्हणजे रॉड ज्यातून बाहेर येतो ते झाकण, काही जॅकांत आट्यांची असते, काहींत तारेच्या रिंगने अडकवलेली, तर काहींत बोल्टने धरलेली असते. आट्यांची ग्लँड सी-पान्यानेच खोला. छिन्नी लावून ठोकलेल्या ग्लँडचे काठ फाटतात आणि पुढच्या वेळी पाना धरतच नाही. रॉड ओढताना आतले उरलेले ऑइल एकदम बाहेर येते, त्यासाठी खाली घमेले ठेवा.

यानंतर खरी तपासणी सुरू होते. रॉड पुसून त्यावरून नख लांबीच्या दिशेने फिरवा. नख अडकेल असा ओरखडा किंवा गंजाचा खड्डा सापडला, तर नवे सील तिथे कानशीवर घासल्यासारखे कापले जाईल. फार बारीक ओरखडा बारीक पॉलिश पेपरने आडवा, म्हणजे रॉडभोवती फिरवत, मऊ करता येतो. खड्डा असेल तर रॉडला हार्ड क्रोम करून ग्राइंडिंग करावे लागते, अथवा तयार क्रोम रॉड आणून लेथवर त्याच मापाचा नवा करावा लागतो. रॉड वाकलेला आहे का, तेही सपाट पट्टी लावून पाहा. ग्लँडच्या आतील बुश एका बाजूने झिजला असेल तर रॉड तिरपा चालतो आणि सीलची एकच बाजू दबते. बूमच्या पिना व बुश सैल झाल्यानेही हाच तिरपा भार येतो, म्हणून त्या ढिल्या असतील तर याच वेळी बदला.

सील काढण्यापूर्वी त्यांची दिशा दाखवणारा फोटो अवश्य घ्या. रॉड सीलची ओठासारखी उघडी बाजू आतल्या ऑइलच्या दिशेला आणि वायपर सीलची धार बाहेर धुळीच्या दिशेला असते. आमच्याकडे येणाऱ्या पुष्कळ जॅकांत सील चांगले असते, पण उलटे बसवलेले असते. नवे सील कोमट ऑइलमध्ये ठेवून, काजूच्या आकाराचे दुमडून, बोटांनी बसवा. अणकुचीदार स्क्रू ड्रायव्हर वापरू नका.

उत्तर २ (अकोला, हायड्रोलिक तंत्रज्ञ)

वरील सर्व सूचना योग्य आहेत. बूम उतरण्याचा मुद्दा मात्र स्वतंत्रपणे समजून घ्यावा, कारण तुमच्या वारंवार होणाऱ्या गळतीचे मूळ त्यात असू शकते.

लिव्हरने चालणारा कंट्रोल व्हॉल्व्ह बंद असताना जॅकच्या दोन्ही बाजूंचे ऑइल कोंडलेले असते. रॉडच्या आतल्या टोकावर असलेल्या पिस्टनचे सील (पिस्टन सील) फाटले तर ऑइल पिस्टनच्या एका बाजूकडून दुसरीकडे जाते, पण रॉड आत शिरण्यासाठी त्याच्या जाडीएवढे ऑइल जॅकबाहेर पडावेच लागते. त्यामुळे एकट्या पिस्टन सीलने बूम फारसा उतरत नाही. त्याऐवजी आतला दाब मात्र वाढतो, कारण आता पूर्ण भार पिस्टनच्या क्षेत्रफळावर न राहता केवळ रॉडच्या क्षेत्रफळावर तोलला जातो. बोअर (बॅरलचा आतला व्यास) ६० मिमी आणि रॉड ३५ मिमी असेल तर हा दाब जवळपास ३ पट होतो, आणि तो सगळा तुमच्या त्या नव्या रॉड सीलवर येतो.

म्हणून एक तपासणी जॅक खोलण्यापूर्वी करा. रिकामे बकेट जमिनीपासून थोडेसेच उचलून इंजिन बंद करा आणि बाजूला उभे राहून पाहा. बूम उतरताना ग्लँडमधून ऑइल सतत झिरपत असेल, तर पिस्टन सील गेले आहे. ग्लँड कोरडी राहूनही बूम उतरत असेल, तर कंट्रोल व्हॉल्व्हमधला स्पूल (ऑइलची वाट उघडणारी-बंद करणारी सरकती दांडी) झिजला आहे आणि जॅक कितीही दुरुस्त केला तरी तो दोष राहील. दोन्ही जॅक एकाच पाइपावर जोडलेले असल्याने उजव्या जॅकचे पिस्टन सील फाटूनही डाव्याच्या ग्लँडवर दाब येऊ शकतो, म्हणून किट दोन्ही जॅकांना टाकणे इष्ट आहे.

उत्तर ३ (आर्वी, जि. वर्धा)

गळती शोधताना दाबाखालच्या पाइपावरून हात कधीही फिरवू नका, पुठ्ठा फिरवा. सुईएवढ्या छिद्रातून सुटलेले ऑइल कातडीत घुसते, जखम टाचणी टोचल्याएवढीच दिसते आणि दुखणेही सुरुवातीला कमी असते, परंतु वेळ गेल्यास बोट किंवा हात गमावण्याची वेळ येते. तसे घडलेच तर घरगुती उपाय न करता त्याच क्षणी मोठ्या रुग्णालयात जावे आणि दाबाचे ऑइल आत गेले आहे, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे तपासणी केली असता बूम उतरताना ग्लँडमधून ऑइल थेंबाथेंबाने सतत येत होते. जॅक खोलल्यावर रॉडवर नख अडकेल असा गंजाचा खड्डाही सापडला. रॉड दुरुस्त होऊन येईपर्यंत एकट्या उजव्या जॅकवर हलके शेणखत भरले तर चालेल का?

उत्तर १ (हिंगणघाट, लेथ वर्कशॉप)

नाही भाऊ, अजिबात भरू नका. एका बाजूनेच उचलल्यास बूमला पीळ पडतो आणि त्याचे वेल्डिंग तडकते, शिवाय एकट्या जॅकवर दुप्पट भार येतो. तोपर्यंत लोडर उतरवून ठेवा आणि ट्रॅक्टर ट्रॉलीसाठी वापरा.

रॉडसोबत ग्लँड आणि पिस्टनही पाठवा, म्हणजे मापे जुळवून बुश करता येईल. बॅरलमध्ये टॉर्च टाकून उभे ओरखडे दिसतात का पाहा. हलके असतील तर होनिंगने (बॅरल आतून बारीक घासून) जातील. जोडणी झाल्यावर जॅक भाराशिवाय सावकाश पूर्ण आत-बाहेर चालवून हवा काढा आणि मग टाकीतील पातळी पाहा. ऑइल दुधाळ झालेले असेल तर त्यात पाणी शिरले आहे, तेव्हा तेही फिल्टरसह बदला. पावसाळ्यात लोडर उभा ठेवताना बाहेर राहणाऱ्या रॉडवर ग्रीसचा थर द्या. तुमच्या रॉडवरचा खड्डा अशाच उघड्या भागावर पडला असण्याची शक्यता जास्त आहे.