मदत हवी आहे: आयईएलटीएसचं रीडिंग वेळेत संपत नाही

नमस्कार मंडळी. मी तासगावची, मिरजेत एका दवाखान्यात स्टाफ नर्स आहे. बारावीपर्यंत मराठी माध्यम. आयईएलटीएस अ‍ॅकॅडमिकची, म्हणजे परदेशात शिक्षण-नोकरीसाठी लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेची, तयारी घरीच करतेय. लिसनिंग, स्पीकिंग ठीक आहे. घोडं अडलंय रीडिंगपाशी.

६० मिनिटांत ३ उतारे, ४० प्रश्न. उत्तरं उतरवायलाही वेगळा वेळ नाही. माझे पहिल्या दोन उताऱ्यांतच ५० मिनिटं जातात. तिसरा सगळ्यात अवघड, तो नुसता चाळते. सरावात २२-२३ बरोबर येतात. ७ बँडला (बँड म्हणजे ९ पैकी गुण) साधारण ३० लागतात.

सगळ्यात जास्त चुका दिलेलं विधान 'ट्रू', 'फॉल्स' की 'नॉट गिव्हन' (उताऱ्यात माहितीच नाही) हे ठरवताना होतात. उताऱ्यात असतं, ठिबकमुळे बागेला पाणी कमी लागलं. प्रश्नात असतं, ठिबकमुळे उत्पन्न वाढलं. आमची द्राक्षबाग आहे, त्यामुळे डोकं लगेच 'ट्रू' म्हणतं. पण उत्पन्नाबद्दल उताऱ्यात अवाक्षर नसतं! आपल्याला माहीत असलेलं बाजूला ठेवून कसं वाचायचं?

परिच्छेदांना मथळे जुळवताना आधी मथळे वाचता की परिच्छेद? नाइट ड्यूटी असते, रोज तासभरच मिळतो. त्यात पूर्ण पेपर सोडवू की एकच उतारा २० मिनिटं लावून? एकच उतारा घेऊन चुका नीट तपासाव्यात असं मला वाटतं, पण खात्री नाही.

सांगली-मिरजेत कुणी घरी अभ्यास करून ७ आणले असतील तर कृपया सविस्तर सांगा. परीक्षेला सहा आठवडे उरलेत.