पामबीचवर तीसचा ॲव्हरेज, शिंग्रोबाला पाय खाली

कळव्याचं_कासव:
मंडळी, लाज गुंडाळून ठेवून विचारतो. वय ४४, वजन ८४, राहायला कळव्यात. तीन वर्षांपूर्वी सेकंडहँड रोडबाइक घेतली. पुढे ५० आणि ३४ दातांच्या दोन चकत्या, मागे आठ गिअरची ११-२८ कॅसेट, म्हणजे ११ ते २८ दातांच्या चकत्यांचा गठ्ठा. ज्या दुकानातून घेतली तिथला म्हणाला, "मुंबईत यापेक्षा जास्त काय लागतंय?" मलाही ते पटलं.

आठवड्यातून चार दिवस पहाटे पाचला निघतो. ऐरोली, कोपरखैरणे, वाशी. तिथे सहा-सात जणांचा ग्रुप भेटतो, मग नवी मुंबईच्या सपाट पामबीच रोडने बेलापूर किल्ल्यापर्यंत आणि परत. पन्नासेक किलोमीटर होतात. पामबीचवर आमचा ॲव्हरेज ताशी तीसच्या खाली येत नाही. टीएस चाणक्यपाशी फ्लेमिंगो असतात म्हणे, मी अजून नीट पाहिलेले नाहीत. नजर कायम पुढच्याच्या चाकावर.

मागच्या रविवारी लोणावळा ठरलं. पनवेल, चौक, खोपोली, सगळं मजेत. खोपोलीत दोन वडापाव आणि कटिंग मारून बोरघाटाला लागलो. दुसऱ्याच वळणानंतर सगळ्यात हलक्या गिअरवर आलो होतो आणि बोटं सवयीने अजून एक हलका गिअर शोधत होती. लिव्हर नुसता टक्‌टक्‌ वाजायचा, पुढे काही नाही. छातीच्या पट्ट्याने हृदयाचे ठोके १८१ दाखवले. डावा गुडघा पुढून, वाटीच्या खाली, चावायला लागला. शिंग्रोबाच्या देवळापाशी पाय खाली टेकला तो टेकलाच. तिथे ट्रकवाले जाता जाता देवाला नाणं टाकतात. एक नाणं उसळून माझ्या बुटाशी आलं. मी ते उचलून देवाला परत केलं आणि सायकल ढकलत निघालो.

सगळ्यात लागलं ते वेगळंच. ग्रुपमधली जी मुलगी पामबीचवर रोज माझ्या मागे पडते, ती खोगिरावर बसल्या बसल्या, शेजारच्याशी बडबडत वर गेली.

नोव्हेंबरात २०० किमीची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड) करायची आहे, साडेतेरा तासांची. माझं नेमकं काय कमी पडतंय? पाय, दम की सायकल? जिम लावू का?

रबाळ्याचा_मिस्तरी:
जिम नंतर. आधी दुकानदाराचं वाक्य डोक्यातून काढा. ३४/२८ वर, म्हणजे तुमच्या सगळ्यात हलक्या गिअरवर, ताशी १० ने चढायचं तर पायाला मिनिटाला ६५ फेरे पडतात. वेग ८ वर आला की ५२. एवढ्या हळू फिरणाऱ्या पेडलवर प्रत्येक फेऱ्याला गुडघा ढकलतो, तो ओरडणारच. मागे ११-३२ टाका, त्याच ८ च्या वेगाला ६० फेरे मिळतील. ऐकायला आठच वाटतात, घाटात फरक कळतो. आठ गिअरमध्ये ती कॅसेट सहज मिळते. फक्त मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवतो तो) लाँग केज, म्हणजे लांब दांडीचा, आहे का ते बघा आणि चेन नवीन, एक-दोन कड्या जास्तीची घ्या. जुनीच चेन ताणून बसवून देणारे भेटतात. पुढे-मागे दोन्हीकडे मोठ्ठ्या चकतीवर गेलात की डिरेलर उपटून हातात येतो.

दुसरं, गुडघा पुढून दुखतोय म्हणजे सीट खाली असण्याची शक्यता जास्त. सायकल भिंतीला टेकवून बसा, टाच पेडलवर ठेवा, पेडल सगळ्यात खाली. पाय सरळ झाला पाहिजे आणि कंबर डुलायला नको. गुडघा वाकलेला राहिला तर सीट वर घ्या. एकदम नाही, चार-पाच मिलिमीटर, मग आठवडाभर चालवा. मागून दुखायला लागलं तर जास्त झालं समजा.

माजिवड्याचे_काका:
८४ किलो आणि वर दोन वडापाव. घाटाचा काय दोष?

खारघरची_ताई:
काकांकडे लक्ष देऊ नका, पण वडापाववर बोलूच आपण. आधी एक खरं सांगा. पामबीचवर सहा-सात जणांत तुम्ही पुढे किती वेळ असता?

कळव्याचं_कासव:
ताई, खरं सांगायचं तर... सानपाड्याच्या मोराज सर्कलपाशी एकदा. फोटोपुरता.

खारघरची_ताई:
वाटलंच! सपाटीवर तीसच्या वेगाला तुमची ताकद मुख्यतः वारा कापण्यात जाते. पुढच्याच्या चाकाला चिकटून बसलात की त्यातला तिसरा हिस्सा सहज वाचतो. म्हणजे तो तीसचा ॲव्हरेज अर्धा दुसऱ्यांचा आहे. घाटात वेग दहा, वारा नावाला, तिथे तुमचं वजन तुम्हालाच उचलायचं. तुम्ही, सायकल, बाटल्या धरून शंभर किलो म्हणू. सात टक्क्यांच्या चढावर ताशी दहाने जायला दोनशे वॅटच्या आसपास लागतात, आणि ते वळणामागून वळण लागतात. ती मुलगी हलकी आहे, शिवाय पामबीचवर तुमच्या मागे पडते म्हणजे बहुतेक एकटीच वारा खात येते. तिचा सराव रोज होतोय, तुमचा नाही.

माझंही हेच झालं होतं. पहिल्या २०० च्या बीआरएमला दीडशे किलोमीटरनंतर पोटऱ्यांत असे गोळे आले की पेणजवळ एका टपरीच्या बाकावर आडवी झाले. टपरीवालीने न विचारता मीठ-साखर-लिंबू करून दिलं. मी तेव्हा रोज असंच, ना धड हळू ना धड जोरात, दम लागेल इतकंच चालवायचे. त्याने माणूस रोज थकतो आणि सुधारत नाही.

तुम्ही चारातले दोन दिवस एकटे निघा आणि हळू चालवा. हळू म्हणजे पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येणार नाही इतपत. घड्याळात वेग २२-२३ दिसेल, पोरं मागून "काय काका" म्हणत जातील, जाऊ द्या. रविवारी हाच वेग धरून तीन-चार तास. उरलेल्या एका दिवशी ठाण्याचा येऊरचा चढ. उपवनच्या बाजूने चढा, पाच-सहा मिनिटं बसूनच, पेडलचे फेरे मिनिटाला सत्तरच्या खाली न जाऊ देता. उतरा, पुन्हा चढा. चार वेळा झालं की घरी. शनिवार-रविवार तिथे गाड्यांची गर्दी असते, मधला वार धरा. ग्रुपबरोबर एक दिवस जा, नाहीतर तोंडं वाकडी होतात, पण दहातली पाच मिनिटं तरी पुढे राहा.

खाणं: लांब राइडला तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत, आणि ती भूक लागायच्या आधी. एका मध्यम केळ्यात पंचवीसेक ग्रॅम असतात. केळं, खजूर, राजगिऱ्याची चिक्की खिशात, दर अर्ध्या तासाला काहीतरी. वडापावमधलं तळण पोटात बसून राहतं आणि तुम्ही ते घेऊन घाटाला लागलात. वडापाव उतरून आल्यावर. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं, ते अर्ध्या बाटलीत ओतून पिऊ नका.

आणि १८१ बद्दल. २२० वजा वय हा हिशेब तुम्हाला १७६ देतो, पण तो सरासरीचा आहे, माणसामाणसात दहाचा फरक सहज पडतो. त्यामुळे आकड्याने घाबरू नका. पण ४४ ला घाट चढायचे तर एकदा डॉक्टरांकडून टीएमटी (ट्रेडमिलवरची हृदयाची तपासणी) करून घ्या. छातीत दाब किंवा चक्कर आली असेल तर ते होईपर्यंत घाट बंद.

माजिवड्याचे_काका:
ताईंशी सहमत. मी ६१ चा आहे, टीएमटी करूनच चढतो. वडापाव मात्र सोडलेला नाही.

कळव्याचं_कासव:
सहा आठवड्यांनी रिपोर्ट देतोय. टीएमटी नीट आली. सीट चक्क पावणेदोन सेंटिमीटर खाली होती, टप्प्याटप्प्याने वर घेतली, गुडघा आता गप्प आहे. ११-३२ बसवली. मिस्तरी, तुमचं खरं निघालं, तो दुकानदार जुन्याच चेनवर भागवत होता, मी उठून दुसरीकडे गेलो.

हळू चालवणं हे सगळ्यात अवघड गेलं. पहिल्या दिवशी घणसोलीत एक दूधवाला कॅन लटकवून माझ्या पुढे गेला. मागे लागायला पाय शिवशिवत होते, दात खाऊन बसलो. येऊरला पहिल्यांदा दोनदाच जमलं, गेल्या बुधवारी चार झाले, चौथ्याला हृदयाचे ठोके १६८. फ्लेमिंगोही पाहिले, खरंच गुलाबी असतात. तोटा एकच, ग्रुपनंतर पोचतो तोवर मिसळीची तर्री संपलेली असते.

या रविवारी पुन्हा बोरघाट. यावेळी माझ्याकडून म्हणून दोन रुपयांचं नाणं जर्सीच्या खिशात ठेवलंय. चालत्या सायकलवरून टाकणार.

रबाळ्याचा_मिस्तरी:
नाण्याबरोबर दोन ट्यूबही ठेवा. आणि उतरताना ब्रेक धरून ठेवू नका, दाबा-सोडा करा, रिम तापते.