जॉइसची ‘एव्हलिन’: ती बोटीवर का चढली नाही?

प्रश्न (सायंवाचक):
जेम्स जॉइसची ‘एव्हलिन’ ही कथा १९०४ साली ‘आयरिश होमस्टेड’मध्ये प्रथम छापून आली आणि १९१४ साली ‘डब्लिनर्स’मध्ये समाविष्ट झाली. दुकानात राबून सात शिलिंगांचा सगळा पगार बापाच्या हातावर ठेवणारी एकोणीस वर्षांची एव्हलिन, फ्रँक नावाच्या खलाशाबरोबर ब्वेनोस आयरेसला पळून जायचे ठरवते, धक्क्यापर्यंत पोहोचतेही, आणि ऐन वेळी लोखंडी कठडा घट्ट धरून जागच्या जागी थिजते. आमच्या वाचनगटात यावरून दोन तट पडले: काहींच्या मते तिने हातची सुटका घालवली, तर काहींच्या मते ती थोडक्यात बचावली. आपल्याला काय वाटते?

प्रतिसाद (कानोसा):
बचावली, असेच मला वाटते. ॲलन लाइनच्या बोटीवरची महिना एक पौंडाची नोकरी, मॅगेलनची सामुद्रधुनी, पॅटागोनियातली भयंकर माणसे, तिकडे वाट पाहत असलेले घर, हे सगळे फ्रँकच्याच तोंडचे आहे आणि त्याला दुसरा पुरावा कथेत नाही. नॉर्थ वॉल या डब्लिनच्या धक्क्यावरच्या, म्हणजे ती थिजते तिथल्या, बोटी लिव्हरपूलला जात, याकडे लक्ष वेधून समीक्षक ह्यू केनर यांनी त्याच्या हेतूवरच शंका घेतली आहे. या खलाशांना आपण ओळखून आहोत, असे बाप म्हणतो. तो दारुडा आहे म्हणून त्याचे हेही बोलणे मोडीत काढावे का?

प्रतिसाद (माजघर):
लिव्हरपूलचा मुद्दा मला लंगडा वाटतो. डब्लिनहून दक्षिण अमेरिकेला निघालेल्या माणसाने आधी लिव्हरपूल गाठून तिथून पुढची बोट धरली, तर त्यात वावगे काय? शिवाय एव्हलिनला त्याच्या खरेपणाचा संशय कुठेच येत नाही. तो आपल्याला वाचवेल असे घरी बसलेली असताना तिला वाटते, धक्क्यावर तोच बुडवेल असे वाटू लागते, आणि मधल्या वेळात त्याने भरवसा उडावा असे काहीही केलेले नसते.

उलट त्या संध्याकाळी तिला काय काय आठवते ते पाहा. एरवी अंगावर धावून येणाऱ्या बापाने, ती आजारी असताना भुताची गोष्ट वाचून दाखवली होती आणि विस्तवावर टोस्ट भाजून दिला होता. रस्त्यावरचा बाजा ऐकून आईच्या अखेरच्या रात्रीचा तसाच बाजा आठवतो, आणि जमेल तितके दिवस घर सांभाळीन हे तिला दिलेले वचनही. मग आईचे ते भ्रमात संपलेले आयुष्य डोळ्यांपुढे येताच ती दचकून उठते. तिला घराबाहेर ढकलणारी आणि घराला बांधून ठेवणारी आठवण एकच आहे. त्यामुळे फ्रँक सज्जन की भामटा, हा वाद मला कथेबाहेरचा वाटतो.

प्रतिसाद (शाईदौत):
माजघर यांच्याशी बव्हंशी सहमत आहे, पण ‘बचावली’ म्हणणाऱ्यांना एक विचारायचे आहे. खिडकीशी बसलेल्या एव्हलिनच्या मांडीवर दोन पत्रे आहेत, एक भाऊ हॅरीला आणि एक बापाला. पुढे धक्क्यावरच्या प्रसंगात त्यांचा उल्लेखच नाही. ती पत्रे तिने घरी ठेवली असतील आणि बापाने आपले पत्र फोडले असेल, तर ती परत जाणार ते कोणत्या घरात?